'शेवाळ' शब्दाचा अर्थ आणि मूळ : लोणारच्या निमित्ताने एक परिभाषा-विचार

१

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराच्या कडेवर उभे राहिले असता पाहणाऱ्यास दोन प्रकारचे हिरवेपण दिसते. खाली, सुमारे १·८ किलोमीटर व्यासाच्या खोलगटाच्या तळाशी, खाऱ्या सरोवराचे पाणी हिरवे असते. वर, कडेवरील गोड्या पाण्याच्या 'धारे'पाशी, अखंड ओल धरून राहिलेले दगड हिरवे असतात. गावातील माणूस ह्या दोहोंस एकच नाव देतो : शेवाळ. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक त्यास थांबवितो. सरोवरातील ते 'शैवल' आणि दगडावरील ती 'हरिता' किंवा 'मॉस', असे तो सांगतो. सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यासक ह्या अध्यापकासही थांबवितो. सरोवरास हिरवा रंग देणारे सर्पिल आकाराचे सूक्ष्मजीव जुन्या पुस्तकांत 'नील-हरित शैवले' म्हणून नोंदले गेले असले, तरी आजच्या वर्गीकरणात ते जीवाणूंत मोडतात. सबब त्यांस वनस्पती म्हणणेही युक्त नव्हे.

तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने साधार आहे. प्रश्न एवढाच, की तिघे एकाच शब्दाविषयी बोलत आहेत काय? इंग्रजी 'मॉस' ह्या शब्दास मराठी प्रतिशब्द म्हणून आपण सर्रास 'शेवाळ' वापरतो, आणि त्याच 'शेवाळा'च्या निरनिराळ्या रूपांवर शास्त्रीय परिभाषेचे तीन-चार मजले चढवितो. त्या मजल्यांचा पाया कितपत भरभक्कम आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा तपास केवळ कोशकारांच्या सोयीचा नाही. विदर्भातील महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घरचा शब्द चुकीचा आणि पुस्तकातील शब्द खरा, असे मानून चालू लागतो. त्याच्या ह्या समजुतीस आधार आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकावरच येते.

२

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. संस्कृतात 'शैवल', 'शैवाल', 'शेवाल' अशी रूपे आढळतात. परंपरेतील वैयाकरण ती 'शी' म्हणजे निजणे ह्या धातूपासून उणादि प्रत्ययांनी साधतात. पाण्यावर जे निजते ते शैवल, ही कल्पना मोठी रम्य आहे. पण शब्दाचा सर्वांत जुना आढळ ह्या व्युत्पत्तीस अनुकूल नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अडुसष्टाव्या सूक्तात हा शब्द 'शीपाल' असा येतो. वारा ज्याप्रमाणे पाण्यावरून शीपाल दूर सारतो, त्याप्रमाणे बृहस्पतीने अंतरिक्षातील अंधार प्रकाशाने दूर सारला, असा तेथील दृष्टांत आहे. ह्या रूपातील 'प'ची संगती 'शी' धातूवरून लागत नाही.

उलट 'शीपाल' हे आधीचे आणि 'शैवाल' हे नंतरचे असे धरले, तर एक ओळखीची प्रक्रिया दिसू लागते. दोन स्वरांमधील 'प'चा 'व' होणे हा प्राकृतांचा नित्याचा धर्म होय : दीपाचा दिवा होतो, तापाचा ताव होतो. तेव्हा 'शैवाल' ह्या रूपातील 'व' प्राकृत उच्चाराचा ठसा घेऊन आला आणि पुढे आद्य स्वरास वृद्धी देऊन त्या रूपास संस्कृत वेष चढविण्यात आला, असे मानणे सयुक्तिक ठरते. ह्याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. आज आपण ज्या रूपास शुद्ध तत्सम म्हणून मान देतो, तेच एके काळी लोकांच्या तोंडून ग्रंथांत शिरलेले असावे.

प्राकृतात 'सेवाल' हे रूप स्थिर झाले आणि तेथून मराठीने ते घेतले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठी 'शेवाळ'मधील 'श' पाहून तो संस्कृतातील 'श' टिकून राहिला असे वाटण्याचा संभव आहे. पण ज्यूल ब्लॉक ह्यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, इ आणि ए ह्या तालव्य स्वरांपूर्वी प्राकृत 'स'चा मराठीत 'श' होतो. सिंदुराचा शेंदूर झाला, 'सीव्यति'पासून शिवणे आले. मुळात ह्या शब्दांत 'श' नव्हताच. म्हणजे 'शेवाळ'मधील 'श' हा वारसा नसून मराठीचे स्वतःचे कर्तृत्व आहे. अखेरचा 'ळ'ही तसाच. स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो. फलाचे फळ व कमलाचे कमळ होते, त्याच नियमाने सेवालाचे शेवाळ झाले.

बुलढाण्याच्या बोलीत ही वाटचाल आणखी एक पाऊल पुढे जाते. वऱ्हाडी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' ऐकू येतो. डोळ्याचा 'डोया' होतो, काळ्याचा 'काया' होतो. ह्या नियमास अनुसरून 'शेवाळ'चा उच्चार 'शेवाय' होतो. शीपाल, सेवाल, शेवाळ, शेवाय ही एका शब्दाची सलग वाटचाल आहे आणि तिच्यातील प्रत्येक बदल नियमबद्ध आहे. तिच्यात भ्रष्ट असे काहीही नाही. मध्येच उभे असलेले 'शैवाल' हे रूपच तेवढे ह्या वाटेवरून बाजूस सरून नटलेले दिसते.

३

मूळ कळले म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. अर्थासाठी प्रयोग पाहावे लागतात. ऋग्वेदातील दृष्टांतात शीपाल हे पाणी झाकणारे आहे, आणि म्हणूनच ते अंधारास उपमान होऊ शकते. अमरकोशाने शैवलाचा 'जलनीली' हा पर्याय दिला आहे. तेथे पाण्याच्या अंगावरील रंग हीच ओळख ठरली आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात वल्कले नेसलेल्या शकुंतलेस पाहून दुष्यंताला शैवलाने वेढलेले कमळ आठवते. वेढणे हाच तेथील शैवलाचा व्यापार आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत पंचकोशांनी झाकलेल्या आत्म्यास शैवालाने झाकलेल्या विहिरीतील पाण्याची उपमा दिलेली आहे. ज्ञानेश्वरीत ह्याच अर्थी 'बाबुळी' हा जुना मराठी शब्द येतो. पाण्यातच उपजून पाण्यालाच झाकणारी बाबुळी हा तेथे मायेचा दृष्टांत होतो.

हे सर्व प्रयोग एकत्र ठेवले असता एक गोष्ट स्पष्ट होते. ह्यांतील एकाही लेखकास वनस्पतीची जात सांगावयाची नव्हती. संस्कृत-इंग्रजी कोशकारांनी शैवलाची ओळख एका विशिष्ट सपुष्प पाणवनस्पतीशी जुळविली आहे. ती वनस्पती ना शैवल-गटातील, ना मॉस-गटातील. ही ओळख खरी मानली तरी वरील दृष्टांतांना बाध येत नाही आणि खोटी मानली तरीही येत नाही. कारण त्यांचा सारा भार 'झाकणे' ह्या व्यापारावर आहे. शेवाळ हा शब्द वस्तूचे नाव म्हणून वावरत असला, तरी तो सांगतो तो एक संबंध : पाणी आणि त्यावर धरलेले हिरवे आच्छादन ह्यांचा संबंध.

मराठीने ह्या संबंधाचा विस्तार केला. पावसाळ्यात चार महिने भिंती, पायऱ्या, कौले व विहिरींचे कठडे ओले राहतात अशा प्रदेशात, पाण्यावरील शब्द पाण्याने भिजलेल्या दगडावर जाण्यास वेळ लागला नसावा. 'शेवाळणे' हे क्रियापद ह्या विस्ताराची साक्ष देते. भिंत शेवाळते, पायरी शेवाळते, दगड शेवाळतो. क्रियापदाचा कर्ता भिंत आहे, वनस्पती नव्हे. बोलणारा भिंतीची अवस्था सांगत आहे. त्या अवस्थेस कोणता जीव कारण झाला, हा प्रश्न शब्दाच्या कक्षेबाहेरचा आहे. पाय घसरू नये म्हणून सावध करणाऱ्याला त्या प्रश्नाची गरजही नसते.

४

आता इंग्रजी 'मॉस'कडे वळू. ह्या शब्दाचा इतिहास आपल्या शब्दाशी जितका जुळतो तितकाच विसंगतही आहे. जुन्या इंग्रजीत 'मोस' म्हणजे दलदल. इंग्लंडच्या उत्तर भागात व स्कॉटलंडमध्ये हा अर्थ आजही ठिकाणांच्या नावांत जिवंत आहे. १८३० मध्ये सुरू झालेला लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग ज्या 'चॅट मॉस'वरून जॉर्ज स्टीफन्सनने नेला, ते 'मॉस' म्हणजे पाय रुतणारी पाणथळ भूमी होय. जर्मन 'मोस' ह्या शब्दालाही दक्षिणेकडील बोलींत दलदल आणि वनस्पती असे दोन्ही अर्थ आहेत. लॅटिन 'मुस्कुस' हा त्याच कुळातील. मूळ कल्पना ओलीची. तिथून एकीकडे ओली जमीन आणि दुसरीकडे त्या जमिनीवर दाट वाढणारी वनस्पती असे दोन फाटे फुटले.

म्हणजे इंग्रजी शब्द भूमीकडून वनस्पतीकडे आला, तर आपला शब्द पाण्याच्या पृष्ठभागाकडून दगडाकडे आला. ओल्या पायरीवर दोघांची गाठ पडते. त्या एका ठिकाणापुरते भाषांतर अचूक होते. इतरत्र ते सैल पडते. चॅट मॉसचे भाषांतर 'चॅट शेवाळ' असे करता येणार नाही, आणि शाकुंतलातील शैवलास 'मॉस' म्हणणारा इंग्रजी अनुवादक पाण्यात न तरंगणारी वनस्पती पाण्यावर तरंगवितो.

गडगडत्या दगडास शेवाळ धरत नाही, ही युरोपीय म्हण मराठीत येते तेव्हा काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. मूळ म्हणीत शेवाळ हे संचयाचे चिन्ह. सतत फिरणाऱ्याच्या हाती काही साठत नाही, असा तिचा उपदेश. मराठी वाचक ती ऐकतो तेव्हा शेवाळ म्हणजे साचलेपण आणि निसरडेपण, हे त्याच्या मनात आधीच असते. परिणामी तो फिरत्या दगडाची प्रशंसाच ऐकतो. गमतीचा भाग असा, की सोळाव्या शतकात एरास्मुसने ह्या म्हणीची जी ग्रीक व लॅटिन रूपे दिली, त्यांपैकी ग्रीक रूपात समुद्रशैवलाचा शब्द आहे आणि लॅटिन रूपात मॉसचा. आपल्याकडील 'शेवाळ'सारखाच गोंधळ तेथेही सुखाने नांदत होता.

तो केवळ म्हणींतच होता असेही नाही. ज्या ग्रीक 'ब्रायोन'वरून 'ब्रायोफायटा' हे शास्त्रीय नाव घडले, तो शब्द समुद्रातील हिरव्या शैवलासही लावीत. लिनियसने १७५३ मध्ये अपुष्प वनस्पतींची मांडणी केली, तेव्हा 'मुस्की' व 'अल्गी' असे दोन गट वेगळे केले खरे. पण आज मॉसचे निकट आप्त मानल्या जाणाऱ्या यकृतका त्याने अल्गींत घातल्या, आणि दगडफुलेही तेथेच ठेवली. मॉसच्या नामकरणास १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेडविगच्या ग्रंथापासून प्रारंभ मानतात. लोकभाषेने मात्र ह्या शिस्तीची फारशी दखल घेतली नाही. इंग्रजीत 'आयरिश मॉस' हे तांबडे समुद्रशैवल आहे, 'रेनडियर मॉस' हे दगडफुलाच्या वर्गातील आहे, तर 'स्पॅनिश मॉस' ही चक्क अननसाच्या कुळातील सपुष्प वनस्पती आहे. इंग्रज शास्त्रज्ञाने ह्यासाठी लोकांच्या शब्दास दोष दिला नाही. त्याने लॅटिन नावे आपल्यापाशी ठेविली आणि 'मॉस' लोकांपाशी राहू दिला.

५

मराठी परिभाषाकारांपुढे हा मार्ग सरळ उपलब्ध नव्हता, हे त्यांच्या बाजूने प्रथम सांगितले पाहिजे. त्यांना शास्त्र मराठीतूनच सांगावयाचे होते. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत अल्गींसाठी 'शैवले', ब्रायोफायटांसाठी 'शेवाळी', लायकेनांसाठी 'शैवाक' आणि मॉससाठी 'हरिता' हे शब्द आढळतात. पैकी 'हरिता' वगळता उरलेले तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. तत्सम रूप एका गटास, तद्भव रूप ईकारान्त करून दुसऱ्या गटास, आणि तत्समास निराळा शेवट जोडून तिसऱ्या गटास, अशी ही वाटणी आहे.

ह्या रचनेविषयी दोन आक्षेप घ्यावेसे वाटतात. पहिला आक्षेप भाषिक आहे. तत्सम व तद्भव ह्यांत मराठी अर्थभेद करू शकते; क्षेत्र आणि शेत ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. पण तो भेद वापराने हळूहळू पडलेला असतो. 'शैवल' व 'शेवाळ' ह्यांत असा भेद वापराने पडलेला नाही. सुशिक्षित लेखक आजही एकाच्या जागी दुसरा शब्द सहज ठेवतो. जो भेद भाषेत नाही, तो केवळ एका मात्रेच्या बळावर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उभा करणे धोक्याचे आहे. विद्यार्थ्याची चूक झाली, तर ती शास्त्राची चूक आहे की शुद्धलेखनाची, हे परीक्षकासही सांगता यावयाचे नाही. ज्याच्या घरी 'शेवाय' म्हणतात, त्यास तर ही मात्रा दुप्पट दूरची. शिवाय, आपण पाहिलेच की, 'शैवल'चे शुद्धत्व व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही संशयास्पद आहे.

दुसरा आक्षेप अर्थाचा आहे. तीन गटांस एकाच मुळाची नावे दिल्याने ते तिन्ही जवळचे आप्त असल्याचा भास होतो. वास्तविक दगडफूल म्हणजे कवक व शैवल ह्यांचे सहजीवन. मॉसशी त्याचा वंशसंबंध नाही. लोकभाषेने त्यास 'दगडफूल' हे स्वतंत्र नाव पूर्वीच दिलेले आहे आणि ते मसाल्याच्या डब्यापर्यंत पोहोचलेले आहे. लोकांनी जेथे भेद केला होता, तेथे 'शैवाक' हा शब्द घडवून परिभाषेने तो पुसट केला, असे म्हणावे लागते.

येथे लोणार पुन्हा साहाय्यास येते. ह्या गावाच्या नावातच लवणाचे 'लोण' आहे. लवणासुराची कथा त्या नावाभोवतीच गुंफलेली आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त येथील साबण व काच ह्यांस लागणाऱ्या क्षारांचा उल्लेख आहे. जुन्या वर्णनांत ह्या क्षारांच्या प्रकारांस डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी स्थानिक नावे दिलेली सापडतात. म्हणजे ज्या लोकांनी सरोवरातील सर्व हिरव्यास एकच 'शेवाळ' म्हटले, त्यांनीच त्या पाण्यातील क्षारांत बारीक भेद केले. क्षार विकावयाचा होता, म्हणून भेद हवा होता. शेवाळ टाळावयाचे होते, म्हणून एक नाव पुरले. लोकभाषा सूक्ष्म भेद करू शकत नाही, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. तिचे भेद गरजेच्या रेषेवरून जातात, एवढेच.

६

परंतु लोकशब्दाचा अभिमान धरणाऱ्यांनीही येथेच थांबून चालणार नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी उतरून क्षारता वाढल्याने व शेवाळामुळे असे झाले असावे, अशी उपपत्ती त्या वेळी मांडण्यात आली. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणारे व गुलाबी रंगद्रव्य निर्माण करणारे 'हॅलोआर्किया' हे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे निष्पन्न झाले. ते शेवाळही नव्हेत आणि शैवलही नव्हेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे सरोवर रामसर स्थळांच्या यादीत आले. अशा जागेचे रक्षण करावयाचे, तर तेथील पाण्यात कोण राहते हे नेमके ठाऊक असले पाहिजे. 'शेवाळ' हा शब्द ती नेमकी माहिती देऊ शकत नाही. अवस्थेचे नाव हे कारणाचे नाव म्हणून पुढे केले, की ते स्पष्टीकरण दिल्याचा आभास निर्माण करते आणि शोध तेथेच थांबण्याचा धोका उत्पन्न होतो. दगडावरील मॉसबाबतही हेच खरे. मॉस खाऱ्या पाण्यात राहत नाही. तेव्हा धारेजवळील हिरवे व सरोवरातील हिरवे ह्यांतील भेद ही पाण्याविषयीची एक महत्त्वाची बातमी आहे. दोहोंस एक नाव देणारा ती बातमी गमावतो.

सारांश, दोन्ही पक्षांनी एकाच शब्दाकडून त्याच्या कुवतीबाहेरचे काम मागितले आहे. परिभाषाकाराने संबंध सांगणाऱ्या शब्दास वर्ग सांगावयास लाविले; लोकशब्दाच्या कैवाऱ्याने अवस्था सांगणाऱ्या शब्दास कारण सांगावयास लाविले. प्रस्तुत लेखकाची सूचना अशी, की 'शेवाळ' हा शब्द त्याच्या जुन्या, ऐसपैस अर्थासह भाषेस परत करावा : ओलीवर धरलेले हिरवे आच्छादन, मग ते कोणत्याही जीवाचे असो. मॉससाठी 'हरिता' हा शब्द विश्वकोशाने दिलेलाच आहे. तो विशेषणासारखा भासतो, आणि हरितद्रव्य व नील-हरित ह्यांच्या गर्दीत हरवतो, हे त्याचे दोष मान्य करूनही त्याची एक जमेची बाजू आहे : त्यास पुसावा लागेल असा जुना अर्थ चिकटलेला नाही. लायकेनासाठी 'दगडफूल' पुरेसे आहे. 'शैवल' रूढ झाला आहे, तो ठेवावा. मात्र 'शेवाळ'चे शुद्ध रूप म्हणून तो शिकवू नये. त्याच मुळावरून आणखी नवी नावे घडविणे आता थांबवावे.

वर्गात ह्या सूचनेचा अर्थ सोपा आहे. विद्यार्थी धारेवरचा दगड दाखवून 'शेवाय' म्हणाला, तर त्याचा शब्द दुरुस्त करण्याचे कारण नाही; तो शब्द बरोबर आहे, आणि ऋग्वेदातील शीपालाइतक्या जुन्या वाटेने तो येथवर आलेला आहे. त्यानंतर त्यास विचारावे : हे कोणते शेवाळ? ह्या प्रश्नापासून वनस्पतिशास्त्राचा आरंभ होतो, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी घरचा शब्द विसरावा लागत नाही.